कॅमेऱ्याच्या पोटात काय आहे?

इंटरनेटला जोडता येणाऱ्या कोणत्याही सीसीटीव्ही कॅमेऱ्याची सरकारमान्य प्रयोगशाळेत सुरक्षा-चाचणी झाल्याशिवाय तो देशात विकता येणार नाही, असा नियम केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये केला. मुदतवाढीनंतर ९ एप्रिल २०२५ पासून तो लागू झाला. त्यामागे कारण होते. सरकारी कार्यालयांत चिनी कंपन्यांचे सुमारे दहा लाख कॅमेरे आहेत, हे केंद्र सरकारनेच २०२१ मध्ये संसदेत सांगितले होते. नियम येताच उत्पादकांनी तक्रारींचा सूर लावला. प्रयोगशाळा अपुऱ्या आहेत, सोर्स कोड परक्याच्या हाती कसा द्यायचा, माल अडकून पडेल, असे त्यांचे म्हणणे होते. मे २०२५ अखेर ३४२ अर्ज रांगेत होते, त्यामुळे ही ओरड अगदीच खोटी म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूला चिनी माल हद्दपार केला की प्रश्न मिटला, अशी समजूत आहे. या दोन्ही आवाजांत एक साधा प्रश्न मात्र बुडून गेला. आज चाचणीत उत्तीर्ण झालेल्या कॅमेऱ्यात दोन वर्षांनी खोट सापडली, तर ती कोणाला कळणार आणि ती काढायला कोण येणार? माझे म्हणणे असे की, कॅमेरा कोणत्या देशाचा, हे विचारणे जितके गरजेचे आहे त्याहून अधिक गरजेचे आहे त्यात कोणाकोणाचे भाग आहेत हे लेखी मागणे, आणि त्या भागांची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळेल हे खरेदीच्या कागदावरच लिहून घेणे. विकत घेणाऱ्याने हे मागितले नाही, तर चाचणीचा शिक्का काही महिन्यांत शिळा होतो.

कॅमेरा ही एका कारखान्यात घडलेली वस्तू नसते, इथून सुरुवात करावी लागेल. भिंग एकाचे, प्रकाश टिपणारा सेन्सर दुसऱ्याचा, चित्रावर प्रक्रिया करणारी मुख्य चिप तिसऱ्याची. चिपबरोबर तिच्या उत्पादकाचे मूळ सॉफ्टवेअर येते, त्याखाली बहुधा लिनक्सची एखादी जुनी आवृत्ती असते आणि मोबाइलवरून घरचे चित्र पाहता यावे म्हणून चौथ्याच कंपनीचा जोड-कोड त्यात बसवलेला असतो. हे सगळे एका सर्किटच्या पाटीवर जुळवून विकणारा पाचवा, आणि त्यावर खोके चढवून आपले नाव छापणारा सहावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात दहा ब्रँडचे कॅमेरे ओळीने मांडलेले दिसतात, तेव्हा त्यातल्या कितींच्या आत एकच पाटी आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही. त्याने ते लपवलेले नसते. त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

याचा अर्थ काय होतो, ते २०१६ मध्ये जगाने पाहिले. ‘मिराई’ नावाचा एक घुसखोर प्रोग्राम त्या वर्षी इंटरनेटवर फिरू लागला. त्याची युक्ती अगदी साधी होती. त्याच्याजवळ कारखान्यातूनच आलेल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या होत्या आणि तो दिसेल त्या कॅमेऱ्यावर, चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरवर आणि राउटरवर त्या एकेक करून लावून पाहायचा. लाखो उपकरणे अशी त्याच्या ताब्यात गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी असल्याच उपकरणांच्या फौजेने संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतील ‘डाइन’ या कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा भडिमार केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. या फौजेतील बऱ्याच कॅमेऱ्यांच्या आणि डीव्हीआरच्या आत हांगझोउच्या शिओंगमाई या कंपनीच्या पाट्या निघाल्या. ही कंपनी आपला माल दुसऱ्या उत्पादकांना पुरवते. खोक्यावर नाव असते ते त्यांचे. त्या पाट्यांतला मूळ पासवर्ड फर्मवेअरमध्येच, म्हणजे उपकरणात कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्येच, कोरलेला होता. मालकाने पडद्यावर दिसणारा पासवर्ड बदलला, तरी मागचा दरवाजा जुन्याच किल्लीने उघडत राहिला. म्हणजे ‘लोक पासवर्ड बदलत नाहीत’ हा आपला नेहमीचा ठपका इथे गैरलागू होता, कारण बदलायची सोयच दिलेली नव्हती. मिराई लिहिणारे तिघे जण कोणत्या शत्रुराष्ट्राचे हेर नव्हते. ते विशीतले अमेरिकी तरुण होते आणि २०१७ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. एवढी मोठी इजा करायला राष्ट्राची ताकद लागली नाही. एका पुरवठादाराचा आळस शंभर नावांच्या खोक्यांतून घरोघरी पोचलेला होता, तेवढा पुरला.

शंभर हा आकडा अलंकार म्हणून वापरलेला नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऑस्ट्रियातील ‘एसईसी कन्सल्ट’ या संस्थेने त्याच शिओंगमाईच्या क्लाउड सेवेत नव्या खोटी दाखवल्या, तेव्हा हा माल शंभराहून अधिक ब्रँडच्या नावाने विकला जातो आणि सुमारे नव्वद लाख उपकरणांना धोका आहे, असे तिने सांगितले होते. पुढे २०२० मध्ये एका संशोधकाने डीव्हीआरमधली एक गुप्त वाट उघड केली. ठरावीक संदेश पाठवला की बंद दार उघडायचे. चिप हुवावेच्या हायसिलिकॉनची, म्हणून आधी बोट तिकडे गेले. हुवावेने तपासून सांगितले की खोट चिपमध्ये नाही आणि आम्ही चिपबरोबर दिलेल्या सॉफ्टवेअरमध्येही नाही. शेवटी माग पुन्हा पाटी जुळवणाऱ्याच्याच दारात पोचला. तज्ज्ञांनाही खोट नेमक्या कोणत्या थरात आहे हे शोधायला खटपट करावी लागली, तर नगरपालिकेच्या भांडार विभागाने किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीने ते कसे ओळखावे? लेबनॉनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये पेजरचे स्फोट झाले, त्यावर तैवानच्या कंपनीचे नाव होते. ते बनवण्याचा परवाना बुडापेस्टच्या एका कंपनीला दिला होता, असे तैवानच्या कंपनीने सांगितले. तो प्रकार युद्धाचा होता आणि आपल्या कॅमेऱ्यांशी त्याची तुलना करायची नाही. पण खोक्यावरचे नाव आणि आतला हात यांच्यात किती अंतर असू शकते, हे त्या दिवशी साऱ्यांना दिसले.

आता ‘चिनी माल बंद करा’ या उत्तराकडे येऊ. त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. चीनच्या २०१७ च्या गुप्तवार्ता कायद्याने तिथल्या प्रत्येक संस्थेवर आणि नागरिकावर सरकारी गुप्तचर कामाला साहाय्य करण्याचे बंधन घातले आहे. सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या आणखी एका नियमानुसार, उत्पादकाला आपल्या मालात खोट सापडली की ४८ तासांत ती सरकारला कळवावी लागते. म्हणजे ज्या खोटीवर अजून उपाय निघालेला नाही, तिची माहिती जगाच्या आधी तिथल्या सरकारच्या टेबलावर असते. सीमेवरची ठाणी, वीज उपकेंद्रे, बंदरे, पोलीस मुख्यालये इथे अशा कंपन्यांचा माल नको, हे म्हणायला एवढे कारण पुरेसे आहे. परंतु देशाचे नाव गाळून टाकले की उरलेला माल निर्धोक, हा निष्कर्ष पुराव्याला धरून नाही. मार्च २०२१ मध्ये ‘व्हर्काडा’ या अमेरिकी कंपनीचे सुमारे दीड लाख कॅमेरे बाहेरच्यांना उघडे झाले. त्यांत रुग्णालये, तुरुंग, शाळा होत्या. चूक कोणती, तर साऱ्या कॅमेऱ्यांवर हुकमत चालवणाऱ्या खात्याचे नाव आणि पासवर्ड इंटरनेटवर सापडले. जुलै २०१७ मध्ये स्वीडनच्या ‘ॲक्सिस’च्या, म्हणजे या धंद्यातील नावाजलेल्या कंपनीच्या, २४९ मॉडेलांत एकच खोट निघाली; ती ॲक्सिसने लिहिलेल्या कोडमध्ये नव्हतीच, बाहेरून घेतलेल्या ‘जीसोप’ या सामायिक कोड-संग्रहात होती. तोच संग्रह इतर कितीतरी उत्पादकही वापरत होते. आणि अमेरिकी गुप्तचर संस्था परदेशी जाणारे राउटर वाटेत उघडून त्यांत फेरफार करत असे, हे तिथले माजी कंत्राटी कर्मचारी एडवर्ड स्नोडेन यांनी फोडलेल्या कागदपत्रांतून २०१४ मध्ये बाहेर आले, ते विसरून चालणार नाही. देशाचे नाव सांगते ते एवढेच की कोणता माल कोणत्या दारावर नको. दारावर बसवलेला माल चांगला आहे का, हे त्यावरून कळत नाही.

मग कशावरून कळते? तैवानच्या ‘थ्रूटेक’ कंपनीचे उदाहरण मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलके वाटते. घरातला कॅमेरा आणि मालकाचा मोबाइल यांची इंटरनेटवरून गाठ घालून देणारा ‘कालाय’ नावाचा कोड ही कंपनी कॅमेरे बनवणाऱ्यांना देते. लहान मुलांवर नजर ठेवणाऱ्या बेबी मॉनिटरपासून डीव्हीआरपर्यंत तो पसरलेला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मँडियंट’च्या संशोधकांनी त्यात एक गंभीर खोट जाहीर केली: उपकरणाचा ओळख-क्रमांक हाती लागला, तर परक्याला तो कॅमेरा पाहता-ऐकता येत होता. जगात अशी किती उपकरणे? खुद्द कंपनीच्या सांगण्यानुसार ८ कोटी ३० लाखांहून अधिक. उपाय तयार होता, कोडची नवी आवृत्ती उपलब्ध होती. पण हा कोड नेमका कोणकोणत्या ब्रँडच्या कोणत्या मॉडेलांत आहे, याची पूर्ण यादी संशोधकांना करता आली नाही. आपल्या घरातला कॅमेरा त्यात येतो का, हे ज्याला जाणून घ्यायचे होते, त्याला विचारायला जागाच नव्हती. औषधाच्या पाकिटावर घटक छापलेले असतात, फरसाणाच्या पुडीवरही असतात. एखाद्या घटकात भेसळ निघाली तर ती पाकिटे शोधून परत मागवता येतात. बाळाच्या पाळण्यावर लावलेल्या कॅमेऱ्याची मात्र अशी यादी नाही.

अशी यादी करणे अशक्य नाही. तिला तंत्रज्ञानाच्या जगात ‘बिल ऑफ मटेरियल्स’ म्हणतात, आणि सॉफ्टवेअरची व हार्डवेअरची अशी वेगवेगळी यादी करता येते. आपल्याकडे संगणक-सुरक्षा पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअर-यादीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि जुलै २०२५ मध्ये ती वाढवून हार्डवेअरही त्यात घेतले. कॅमेऱ्यांच्या नव्या नियमातही सुरक्षेशी संबंध असलेल्या मुख्य चिपसारख्या भागांची अशी यादी उत्पादकाने ठेवावी आणि भाग विश्वासू ठिकाणाहून आणल्याचे दाखवावे, अशी अट आहे. हे पाऊल योग्य दिशेचे आहे आणि त्याचे श्रेय मंत्रालयाला द्यायला हवे. अडचण अशी की ही यादी उत्पादक आणि प्रयोगशाळा यांच्यातच राहते. ज्याच्या भिंतीवर कॅमेरा लागणार, त्याच्या हातात ती येत नाही. शिवाय चाचणी होते ती एका दिवशी, एका नमुन्याची. खोटी मात्र पुढची सात-आठ वर्षे सापडत राहतात.

सापडलेली खोट वेळेवर बुजवली जात नाही, याचा पुरावा ‘हिकव्हिजन’ या चिनी कंपनीच्या प्रकरणाने दिला. जून २०२१ मध्ये एका संशोधकाने तिच्या कॅमेऱ्यांत अशी खोट दाखवली की पासवर्डशिवाय कॅमेरा पूर्ण ताब्यात घेता यावा. दहापैकी ९.८ गुणांची, म्हणजे जवळजवळ सर्वोच्च तीव्रतेची. कंपनीने सप्टेंबरमध्ये दुरुस्ती दिली. जवळपास वर्षभराने, ऑगस्ट २०२२ मध्ये, ‘सायफर्मा’ या संस्थेने इंटरनेटवर दिसणारे कॅमेरे तपासले, तर ऐंशी हजारांहून अधिक तसेच उघडे होते. इथे उत्पादकाने आपले काम केले होते. राहिले ते खालचे दोन-तीन दुवे. ज्याने कॅमेरा बसवला, तो ठेकेदार बिल घेऊन गेला. वार्षिक देखभालीचा करार, आपली ती नेहमीची एएमसी, भिंग पुसण्यापुरता, वायर बदलण्यापुरता आणि बंद पडलेली हार्ड डिस्क पालटण्यापुरता. फर्मवेअर अद्ययावत ठेवणे हे त्यातल्या कोणाचेही काम नाही, कारण निविदेत ती ओळच नाही. पुरवठासाखळी आपण चिपच्या कारखान्यापासून बंदरापर्यंत मोजतो. माझ्या मते ती शिडीवर चढून स्क्रू पिळणाऱ्या माणसापर्यंत मोजायला हवी, आणि सर्वांत कच्ची कडी बहुधा तिथेच आहे.

म्हणून उपाय निविदेत आहे. ब्रिटनने इंटरनेटला जोडता येणाऱ्या उपकरणांसाठी २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू केला, त्यात तीन गोष्टी सक्तीच्या आहेत: सगळ्या नगांना एकच पासवर्ड द्यायचा नाही, खोट कळवायला संपर्क जाहीर करायचा, आणि सुरक्षा-दुरुस्त्या किमान कधीपर्यंत मिळतील ते विक्रीच्या वेळीच सांगायचे. युरोपीय संघाचा असाच कायदा डिसेंबर २०२७ पासून पूर्णपणे लागू होईल. त्यात दुरुस्तीचा काळ सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे धरला आहे. आपल्याकडे असा कायदा येईपर्यंत थांबायचे कारण नाही, कारण सर्वांत मोठा ग्राहक सरकारच आहे. राज्य शासन, महापालिका, जिल्हा परिषदा आणि एसटी महामंडळ यांनी कॅमेऱ्याच्या प्रत्येक निविदेत भागांची यादी, दुरुस्तीची शेवटची तारीख आणि खोट जाहीर झाल्यापासून ठरावीक दिवसांत ती बुजवण्याची जबाबदारी लिहिली, आणि न बुजवल्यास अनामत रक्कम कापली, तर सहा महिन्यांत पुरवठादारांकडे याद्या तयार होतील. आज निविदेत मेगापिक्सेल असतात, रात्री किती मीटर दिसावे हे असते, आणि मग सर्वांत कमी दर देणाऱ्याला, एल-वनला, काम मिळते. ज्याने दुरुस्तीचा खर्च दरात धरला, तो तिथेच मागे पडतो.

याने कॅमेरे महागतील, हा आक्षेप येणारच. महागतील, हे खरे. पण आज जो स्वस्तपणा दिसतो, त्यात खर्च नाहीसा झालेला नाही. तो दुसऱ्यावर ढकललेला आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील तपासणी-कक्षाची चित्रणे इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघडकीस आले. देशभरातील कितीतरी ठिकाणच्या कॅमेऱ्यांचे पासवर्ड फोडून अशी चित्रणे गोळा केली होती आणि अटक झालेल्यांत लातूर-सांगलीकडचे तरुणही होते. त्या स्त्रियांनी जे भोगले, ते कोणत्या बिलात लिहायचे? काही शे रुपये वाचले ते रुग्णालयाचे, किंमत मोजली ती ज्यांना विचारलेही नव्हते त्यांनी. त्या कक्षात कॅमेरा असावा का, हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ठाम ‘नाही’ असेच आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. भागांची यादी उघड केली, तर चोरालाच घराचा नकाशा मिळेल, असे काही अभियंते म्हणतात. पण चोराकडे तो नकाशा आधीच असतो. कॅमेरा विकत घेऊन, उघडून, फर्मवेअर काढून वाचायला त्याला वेळही असतो आणि फायदाही. मिराईला कोणी यादी दिली नव्हती. यादी नसल्याने अडते ते फक्त राखण करणाऱ्याचे. तरीही यादी चव्हाट्यावर मांडा, असा माझा आग्रह नाही. खरेदीदार आणि सर्ट-इन यांच्याकडे ती असली तरी पुरे. लहान देशी उत्पादक या अटींखाली भरडले जातील, ही भीती मात्र मला खरी वाटते. चाचणीची फी, महिनोन्महिने थांबणे, यादी ठेवायला माणूस, हे मोठ्या कंपनीला परवडते, पुण्याजवळच्या भोसरीतल्या वीस माणसांच्या कारखान्याला नाही. त्यावर उत्तर अटी सैल करणे हे नसावे. प्रयोगशाळा वाढवाव्यात, लहान उत्पादकांना फीत सवलत द्यावी, आणि एकाच पाटीवर बनलेल्या मॉडेलांची चाचणी एकदाच करावी. पाटी एक आहे हे यादीवरूनच सिद्ध होईल, म्हणजे इथे यादी लहान उत्पादकाच्याच उपयोगाची ठरते.

कधी कधी ही सगळी चर्चा छुप्या चिपच्या भीतीत हरवते. २०१८ मध्ये ब्लूमबर्गने सर्व्हरच्या पाट्यांवर तांदळाच्या कणीएवढी हेरगिरीची चिप बसवल्याची मोठी बातमी दिली. ॲपल, ॲमेझॉन, सुपरमायक्रो या तिन्ही कंपन्यांनी ती साफ नाकारली आणि तशी चिप आजवर कोणी जाहीरपणे दाखवलेली नाही. अशा गोष्टी घडू शकत नाहीत असे नाही. पण आपले कॅमेरे उघडे पडतात ते न बदलता येणाऱ्या पासवर्डमुळे, जुन्या कोडमुळे आणि कोणीच न बसवलेल्या दुरुस्तीमुळे, आणि त्यावरचे उपाय आपल्या हातात आहेत.

नवा नियम नव्या मालाला लागू आहे. ९ एप्रिल २०२५ च्या आधी भिंतीवर चढलेले कॅमेरे तिथेच आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने शाळांना महिनाभरात कॅमेरे बसवायला सांगितले. हेतू चांगलाच होता. पण एका महिन्यात जे बाजारात मिळेल तेच लागणार. तेव्हापासून प्रश्न विचारला जातो तो कॅमेरा आहे की नाही, चालू आहे की बंद, एवढाच. प्रत्येक शाळेत एक वही ठेवता येईल. तिच्यात चार रकाने असावेत: मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, शेवटची दुरुस्ती कधी झाली, आणि हे चित्र शाळेबाहेरून कोणाकोणाला दिसते. संगणकाच्या शिक्षकांना हे काम एका दुपारी करता येईल. शिक्षण विभागाने ती वही या वर्षीच्या तपासणीत मागावी, आणि ज्या शाळेला चौथा रकाना भरता येणार नाही, तिचे कॅमेरे तो भरला जाईपर्यंत इंटरनेटवरून काढून ठेवावेत. चित्रण शाळेतल्या डीव्हीआरमध्ये होत राहील. त्याला इंटरनेट लागत नाही.